दोन सायलेन्सरांमधली आडवी नळी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कोरेगावात दुचाकी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती एका सिलिंडरची. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून डेअरीकडे निघालेली, आल्याचं पोतं मागे आडवं टाकलेली, नाहीतर तिघांना घेऊन रहिमतपूरच्या रस्त्याला लागलेली. सिलिंडर एक, त्यातून धूर घेऊन येणारी नळी एक, शेवटी सायलेन्सर एक. त्या नळीला गॅरेजमध्ये ‘बेंड पाइप’ म्हणतात, कारण इंजिनातून बाहेर पडली की ती लगेच खाली वळते. एवढ्या सरळ मामल्यात दोन बेंड पाइपांना जोडणारी तिसरी नळी असायला जागाच नाही. त्यामुळे तिचं दुखणं काय असतं, हे इथल्या बहुतेक मिस्त्रींना शाळेत न शिकवलेल्या धड्यासारखं होतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डने इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या दोन ६५० गाड्या बाजारात आणल्या आणि हा धडा गावापर्यंत आला. ६४८ सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर शेजारी शेजारी, डाव्या-उजव्या अंगाला एकेक सायलेन्सर. सुरुवातीची किंमत अडीच लाखांच्या आसपास असल्यामुळे दोन सिलिंडरची गाडी फक्त मुंबई-पुण्याच्या हौशी श्रीमंतांची राहिली नाही. उसाचं बिल जमा झाल्यावर ती घेतलेली घरं मला माहीत आहेत. ट्रॅक्टरचा हप्ता त्या वर्षी थोडा लांबला, एवढंच.

अशीच एक गाडी गेल्या हंगामात आमच्या ओळखीच्या गॅरेजसमोर उभी होती. मालक पुण्यात नोकरी करणारा, शनिवारी गावी आलेला तरुण. तक्रार अशी की रेस सोडली की मागून फटाके वाजतात, मायलेज पडलंय आणि डाव्या बाजूचा आवाज फाटल्यासारखा येतो. उपायही तो स्वतःच घेऊन आला होता. “खालचा लिंक पाइप कापून टाका आणि भोकं वेल्डिंगने बुजवा. सगळं तिथंच अडतंय असं व्हिडिओत सांगितलंय.”

मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, “दादा, नळीला फाशी द्यायची ती मागनं देऊ. आधी पंचनामा तर करू या.”

पंचनाम्याआधी ती नळी तिथे कशाला असते ते पाहू. लिंक पाइप, बॅलन्स पाइप, क्रॉसओव्हर अशी तिची नावं. दोन्ही बेंड पाइपांना जोडणारी ती आखूड आडवी नळी. दोन उभ्या रेघा आणि मध्ये आडवी, असा इंग्रजी एच अक्षरासारखा आकार झाला तर ‘एच पाइप’. दोन्ही नळ्या एका जागी चिकटून पुन्हा वेगळ्या झाल्या तर ‘एक्स पाइप’. रचना वेगळी, पण हेतू एकच.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील तर एका सिलिंडरचे सेकंदाला २५ उच्छ्वास. मागे हात धरला की आपल्याला वारा सलग लागतो असं वाटतं, पण आत तो सलग नसतो. एक्झॉस्ट वाल्व उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाब शिल्लक असतो. तो चापटीसारखा नळीत आपटतो. वायू तापलेला असल्यामुळे त्या दाबाची लाट सेकंदाला ५०० मीटरहून अधिक वेगाने मागे धावते. मग बराच वेळ शांतता, मग पुढची चापट. म्हणजे सायलेन्सरला क्षणभर जिवापेक्षा जड काम आणि उरलेला वेळ मोकळीक. दुसऱ्या बाजूचंही तसंच, फक्त वेळ वेगळी.

आमच्याकडच्या माणसाला हे पाटाच्या पाण्यावरून चटकन कळतं. शेजारी शेजारी दोन पाट आहेत. एकाला लोंढा येतो तेव्हा तो काठोकाठ भरून बांध फोडू पाहतो, आणि त्याच वेळी दुसरा कोरडा पडलेला असतो. मध्ये एक आडवा दंड काढून दिला की लोंढ्याचा काही भाग कोरड्या पाटात शिरतो. दोन्ही पाट तेवढेच, पण प्रत्येक लोंढ्याला दोघांची जागा मिळते. आडवी नळी हेच करते. प्रत्येक चापटीला एकाऐवजी दोन सायलेन्सरांचं पोट मिळतं. आवाज बसतो आणि धुराला बाहेर पडताना होणारा अडथळा कमी होतो. व्हिडिओतला माणूस ‘तिथंच अडतंय’ म्हणत होता ते नेमकं उलटं.

आणखी एक गोष्ट घडते, ती पाटात दिसत नाही. दाबाची लाट नळीत धावताना तिला एकदम मोठी जागा किंवा फाटा लागला की तिचा काही भाग उलटा होऊन परत फिरतो. उलटा म्हणजे दाबाचा नव्हे, ओढीचा. ही ओढ योग्य क्षणी वाल्वपाशी पोहोचली तर सिलिंडरमध्ये मागे राहिलेला धूर ती खेचून काढते आणि ताज्या मिश्रणाला जास्त जागा होते. चुकीच्या क्षणी पोहोचली तर काम बिघडवते. आडवी नळी इंजिनापासून किती अंतरावर, किती जाड, हे म्हणूनच महत्त्वाचं. एकच नळी सगळ्या वेगांना लाभदायक होऊ शकत नाही. कंपन्या बहुतेक वेळा मधल्या वेगावर डोळा ठेवून ती बसवतात, कारण रस्त्यावरचा माणूस तिथेच असतो. सातारा सोडून क्षेत्र माहुलीचा पूल ओलांडला, त्रिपुटीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढायची आहे, गिअर न बदलता गाडीने उचल घ्यावी असं वाटतं, तो हा वेग.

या गाड्यांचा तो दुडक्या चालीचा आवाजही थोडा या नळीचाच. ६५० च्या क्रँकवर दोन्ही पिस्टनांमध्ये २७० अंशांचा फरक आहे. एक स्फोट झाला की दुसरा २७० अंशांनी, त्यानंतरचा ४५० अंशांनी. दोन्ही मिळून ७२०, म्हणजे दोन फेऱ्या. जवळ-लांब, जवळ-लांब. सायलेन्सर पूर्ण वेगळे असते तर एका तोंडाशी कान दिल्यावर फक्त एका सिलिंडरचे एकसारखे ठोके आले असते. मध्ये वाट असल्यामुळे प्रत्येक तोंडातून दोघांची मिळून लंगडी लय ऐकू येते.

ही युक्ती काही नवी नाही. इंग्लंडमधल्या ट्रायम्फ कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या दोन सिलिंडरच्या गाड्यांना इंजिनाच्या तोंडाजवळच अशी नळी बसवली. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर गाड्यांत सिलिंडर दोन बाजूंना हात पसरल्यासारखे असतात. तिथेही दोन्ही नळ्यांना इंजिनाजवळ जोडणारी आडवी नळी असते. त्या गाड्या जपणाऱ्यांना विचारलं तर ते हातांवरचे व्रण दाखवतील. गंजून एकजीव झालेला तो सांधा सोडवताना पाना निसटलेला असतो.

मात्र दोन सायलेन्सर दिसले की मध्ये नळी असेलच असं समजू नये. जुनी येझदी २५० आठवा. तिला दोन सायलेन्सर, पण सिलिंडर एकच. एकाच तोंडाला दोन वाटा काढलेल्या. आणि १९८० च्या दशकात आपल्याकडे एस्कॉर्ट्सने बनवलेली राजदूत ३५० खऱ्या अर्थाने दोन सिलिंडरची, तरी तिचे दोन्ही सायलेन्सर शेवटपर्यंत अलग. ती टू स्ट्रोक होती. टू स्ट्रोकच्या सायलेन्सरचा फुगीर भाग परतीच्या लाटेने वाया जाणारं ताजं पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लाट स्वतःच्या वेळेला हवी असते. तिथे शेजाऱ्याशी वाट काढून दिली तर ठरलेला हिशेब ढवळला जातो.

टू स्ट्रोक निघालीच आहे तर एक आठवण. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये, म्हणजे बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने १९७५ मध्ये काढलेल्या कंपनीत, ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. जिल्ह्यात ती भरपूर होती. तिच्या सायलेन्सरमध्ये ऑइलची काजळी साचली की पिकअप जायचं, आणि उपाय ठरलेला: सायलेन्सर काढायचा आणि शेकोटीत भाजायचा. काळा धूर येऊन गेला की काठीने ठोकायचा, राख झाडायची, परत बसवायचा. आजही एखादा जुना माणूस चार स्ट्रोकच्या गाडीला हेच औषध सुचवतो. चार स्ट्रोकला त्याचा उपयोग नाही. आणि आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी असेल तर भाजून आणि ठोकून ती कायमची जाईल.

आता दुखण्यांकडे. आडव्या नळीचा खरा वैरी धूर नसून पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, दुसरं काय होणार? इंजिन तापलेलं असेल तर हे पाणी वाफ होऊन निघून जातं. पण नळीचा पत्रा साधारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या खाली असेल तर वाफेचे थेंब होतात. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून टपटप पाणी पडतं ते हेच. आणि पाणी कुठे जमतं? सगळ्यात खाली. दोन्ही बेंड पाइप खाली उतरतात आणि आडवी नळी बहुधा त्यांच्या तळाशी असते.

आता कोरेगावातलं गाडी चालवणं पाहा. घरून स्टँडपर्यंत, स्टँडवरून मळ्यापर्यंत, दोन किलोमीटर, बंद. तासाने परत दोन किलोमीटर. इंजिन गरम होतं, पण खालची नळी पुरती तापून कोरडी होण्याआधीच चावी फिरते. ओल आतच राहते. त्यात जळणातले आम्लाचे अंश विरघळतात. मग गंज आतून बाहेर येतो. बाहेरून क्रोम चकचकीत, बोटाने दाबलं तरी कळत नाही, आणि एक दिवस वेल्डिंगच्या शेजारी टाचणीएवढं भोक पडतं. रोज सातारला नोकरीला जाणाऱ्याची गाडी जास्त पळते, तरी तिची नळी जास्त टिकते. हौसेने झाकून ठेवलेली, आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटं चालू करून बंद केलेली गाडी सगळ्यात लवकर कुजते. ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ केलेला हा उद्योग नळीच्या मुळावर येतो. चालवायचीच तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर न्यावी.

दुसरं दुखणं ताणाचं. वीस सेंटिमीटर लांबीची लोखंडी नळी ४०० अंशांनी तापली की जवळजवळ एक मिलिमीटरने लांबते. स्टेनलेस असेल तर त्याच्या सुमारे दीडपट. पण ज्या सिलिंडर हेडला दोन्ही बेंड पाइप बोल्टने आवळलेले आहेत ते इतकं तापत नाही, म्हणून तेवढं पसरतही नाही. वरचे पाय जखडलेले आणि मधली आडवी काठी वाढतेय, अशी ही ओढाताण. प्रत्येक फेरीला ती होते आणि गाडी थंड झाली की उलटी होते. काही गाड्यांत ही नळी सरळ वेल्ड केलेली असते, काहींत एकमेकांत सरकणारे दोन तुकडे आणि वर क्लॅम्प. सरकणारा सांधा ताण झेलतो, पण झिजला की गळतो. वेल्डचा सांधा गळत नाही, पण ताण सोसवेना झाला की तडकतो. सायलेन्सरला मागे धरणारा एखादा बोल्ट पडलेला असेल तर तडकणं फार लवकर येतं, कारण मग सायलेन्सरचं सगळं वजन प्रत्येक खड्ड्यात या सांध्यावर लोंबकळतं. तडा पुन्हा पुन्हा त्याच जागी जात असेल तर वेल्डरला शिव्या देण्याआधी मागचे रबर आणि बोल्ट पाहावेत.

तिसरं कारण आमच्याकडचं खास. नळी गाडीच्या सगळ्यात खालच्या भागात, आणि तोडणीच्या दिवसांत मळ्याच्या वाटेवर पाचट पसरलेलं. ते क्लॅम्पच्या बोल्टला अडकतं आणि तापलेल्या नळीवर शेकत बसतं. बहुतेक वेळा नुसता करपट वास येतो. पण वाळलेल्या पाचटावर अशी गाडी साइड स्टँडला लावून निवांत बांधावर जाऊ नये. उसाचा फड पेटायला काडेपेटीच लागते असं नाही.

गळतीची लक्षणं ओळखायला यंत्र लागत नाही. सांध्याभोवती काळी रेघ उमटलेली असते. गाडी थंड असताना चालू केली की तिथून ‘टिक टिक’ असा कोरडा आवाज येतो, आणि नळी तापून पसरली की तो कमी होतो. मालक मिस्त्रीकडे पोहोचेपर्यंत आवाज गायब. रेस सोडल्यावर फटाके वाजतात त्याचं कारण ती ओढीची लाट. दोन चापटींच्या मध्ये नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, सैल सांध्यातून हवा आत ओढली जाते, आणि न जळलेलं थोडं पेट्रोल त्या हवेत भडकतं. हलकी पुटपुट मात्र पुष्कळ गाड्यांना जन्मजात असते. तिच्यामागे लागून खिसा रिकामा करण्यात अर्थ नाही. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या जवळ असेल तर प्रकरण जास्त वाढतं. सेन्सरला बाहेरची हवा दिसते, पेट्रोल कमी पडतंय असा त्याचा समज होतो आणि गाडीचा संगणक पेट्रोल वाढवतो. मायलेज तिथे जातं.

गंमत अशी की आडवी नळी स्वतः निर्दोष असली तरी तपासणाऱ्याला फसवते. एका सिलिंडरचा प्लग मेला तरी दोन्ही सायलेन्सरांतून धूर येतच राहतो, कारण चालू सिलिंडर दोघांनाही पुरवतो. मागे हात धरून ‘दोन्ही बाजू ठीक आहेत’ म्हणणारा चुकतो. त्यावर जुना उपाय आहे. गाडी थंड असताना चालू करायची आणि अर्ध्या-एक मिनिटात दोन्ही बेंड पाइपांवर, अगदी इंजिनाच्या तोंडाशी, पाण्याचे थेंब टाकायचे. ज्या बाजूला थेंब छन्न करून उडतो तो सिलिंडर जिवंत, ज्या बाजूला नुसता ओघळतो तो झोपलेला. आणि एका सायलेन्सरच्या तोंडावर ओला बोळा क्षणभर दाबला तर गाडी न अडखळता चालू राहते, म्हणजे मधली वाट मोकळी आहे. गळती शोधायची असेल तर दोन्ही तोंडं एकदम दाबावी लागतात. एकच दाबलं तर धूर शेजाऱ्याच्या घरातून निघून जातो आणि सांधा गप्प बसतो.

नळी कापली तर काय होईल, हे त्या तरुणाला मिस्त्रींनी थोडक्यात सांगितलं: आवाज वाढेल, मधल्या वेगाला उचल पडेल, आणि फटाके तसेच राहतील. मी त्यात कायद्याची भर घातली. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला चालत्या गाडीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीचा नमुना पास होतो तो कंपनीच्या सायलेन्सर-नळीसकट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या नियमभंगाला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. कानठळ्या बसवणारे ‘इंदोरी’ आणि ‘पंजाब’ सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो आपण पाहिलेलेच आहेत. तरुण हसला, कलमापेक्षा रोलर त्याला जास्त पटलेला दिसला.

पंचनाम्यात आडवी नळी निर्दोष सुटली. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा दुकानात त्याने दोन्ही सायलेन्सर बदलून घेतले होते. डावीकडे बेंड पाइप जिथे सायलेन्सरमध्ये शिरतो तिथलं ग्रॅफाइटचं पॅकिंग बसवलंच नव्हतं. नुसता क्लॅम्प जोरात आवळून वेळ मारून नेली होती. इतक्या जोरात की बोल्टचे आटे गेले होते. काळी रेघ तिथेच होती, कापायच्या जागेपासून चांगली हातभर मागे. मिस्त्रींनी नळीचं तोंड पॉलिश पेपरने घासलं, नवी पॅकिंग रिंग आणि नवा क्लॅम्प घातला. आधी सगळे बोल्ट हातानेच लावले, नळी आपल्या जागी आपण बसू दिली, मग इंजिनाकडून मागे येत थोडं थोडं आवळलं. एका बाजूचा बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की आडव्या नळीवर पीळ राहतो. बोल्टच्या आट्यांना त्यांनी तांब्याचं ग्रीस लावलं, पुढच्या वेळी कुणाचा हात सोलू नये म्हणून. मालकाने मध्येच एम-सील लावू का विचारलं होतं. त्या उष्णतेला एम-सील दोन दिवसही टिकत नाही.

गाडी चालू झाली. टिक टिक नव्हती. मिस्त्रींनी पुन्हा खाली वाकून आडव्या नळीला अडकलेली पाचटाची करपलेली पात ओढून काढली आणि ती तरुणाच्या हातात ठेवली.

“शंभर-दोनशे किलोमीटर झालं की या, बोल्ट परत बघू,” ते म्हणाले. “आन् सकाळी या. गाडी गार हाय तवर.”